मने

खानापूरला आमच्या कौलांच्या भट्टीवर
निंगव्वा घराला 'मने' म्हणायची.
मला वाटे, मनाचं अनेकवचन.
सातवीच्या निबंधात तसं लिहिलंही:
आमच्या गल्लीत बावीस मने आहेत.
बाईंनी लाल रेघ मारली.
ती वही अजून माझ्याकडे आहे.

टिळकवाडीला डिप्लोमाला जायचे तेव्हा
ड्रॉइंग बोर्ड टेम्पोच्या टपावर
आणि मी आत, काजूच्या पोत्यांशेजारी.
"काय शिकूलालीस ग?"
"घराच्या आतलं."
"आतलं काय शिकायचं त्यात? आत तर ऱ्हातोच की आपण."
टेम्पोभर हसले सगळे. मीही.
ह्याचं उत्तर द्यायला
पुढे समुद्रापार जावं लागलं.

व्हिसाच्या खिडकीत जन्मगावापाशी गाडी अडली.
दाखल्यावर बेळगाव, पासपोर्टवर बेळगावी.
दोन्ही एकच का, काचेपलीकडून विचारलं.
आमच्याकडचं माणूस ह्या प्रश्नाला
इतक्या पटकन होय म्हणत नाही,
पण रांग मोठी होती.

गोथेनबर्गला पहिल्याच आठवड्यात
मार्गारेताबाई म्हणाल्या,
तुमची पहिली खोली काढा, आठवणीतली.
कुणी आजोळची माडी काढली, कुणी जहाजाची केबिन.
मी काढलं भट्टीमागचं वारूळ.
मे महिन्यात भट्टी पेटलेली असताना
निंगव्वा त्याच्या एका भोकावर तळहात धरायची,
मग माझा हात ओढून तिथं ठेवायची.
गाळी बंतु, म्हणायची. आला बघ वारा.
आतल्या लाखो जिवांचा
तो गार, ओला, मातकट श्वास.
खिडकी म्हणजे काय ते मला तिथं कळलं.
बाई बराच वेळ कागद बघत राहिल्या.
म्हणाल्या, ह्यात दार कुठाय?
म्हटलं, सगळंच.

तरी पहिली भिंत तडकलीच.
इस्पितळातली प्रतीक्षेची खोली, कच्च्या मातीचा गिलावा,
बाहेर नोव्हेंबर, आत हीटर,
आणि सकाळी छतापासून जमिनीपर्यंत
मलप्रभेला फुटावेत तसे फाटे.
रात्री घरी फोन लावला. भावानं तो निंगव्वाकडे दिला.
"तूस घातलंस काय?"
"नाही."
"मातीला केस लागतात, बाई. टकली माती फुटतीच."
एवढं बोलून तिनं फोन ठेवला, दूध उतू चाललं होतं.

भाताचं तूस तिथं कुठलं?
एका पागेतून सातूचं काड आणलं,
दोन पोती, घोड्यांच्या वासासकट.
आठवडाभर पायांनी तुडवलं. मोजे वाया गेले.
भिंत धरली.
महिन्याभरानं तिला पाठ टेकून
एक म्हातारा झोपला तो झोपलाच,
नंबर निघून गेला तरी नर्सनं उठवलं नाही.
एका मासिकानं ह्या कामाला लांबलचक नाव दिलं.
त्यात निसर्ग होता,
निंगव्वा नव्हती. मीच सांगितली नव्हती.

ह्या वेळी आले तर
परशरामनं नंदगड रस्त्याला प्लॉट घेतलेला.
"फॉरेनसारखं कर की, अक्का. फॉल्स सीलिंग पायजे,
ॲल्युमिनियमच्या खिडक्या, आणि काचेगत फरशी."
मी प्लॉटभर फिरले.
मागच्या कोपऱ्यात, बांधकामाच्या दोरीच्या आत,
कमरेएवढं वारूळ.
जेसीबी उद्या येणार होता.
रात्री नकाशात स्वयंपाकघर तीन फूट सरकवलं.
तीन फूट म्हणजे किती रुपये, ते परशरामनं सांगितलं,
दोनदा सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं.
खिडक्या ॲल्युमिनियमच्याच ठरल्या.
एवढं द्यावंच लागतं.

निंगव्वाला आता कमी दिसतं.
काठी टेकत आली,
वारुळापाशी बसली, भोक चाचपून शोधलं.
हात तिथंच ठेवून तिनं विचारलं,
मने आयता? झालं का घर?
भिंती छातीपर्यंत आल्या होत्या.
म्हटलं, होतंय. आतलं राहिलंय अजून.